शेर, पैसा आणि मधलं अंतर

‘धारण’ हा शब्द आता बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. पूर्वी मावळात भात निघाला, की माणसं एकमेकांना विचारत, ‘यंदा तांदळाची धारण काय?’ त्याचं उत्तर रुपयांत येत नसे, शेरांत येई. रुपयाला इतके शेर. पीक चांगलं आलं तर शेर वाढायचे, दुष्काळ पडला तर कमी व्हायचे. रुपया आपल्या जागी उभा असे आणि माप हलत असे. आज नेमकं उलट आहे. किलो जागेवर उभा असतो आणि रुपये हलतात.

हिशेब दोन्हीकडे एकच, फक्त मांडणी उलटी, असं आपल्याला वाटेल. पण लहान दुकानदाराच्या बाजूनं पाहिलं तर हा फरक मोठा आहे. घाऊक भावानं आणलेला माल किरकोळीनं विकताना मध्ये जे अंतर राहतं, त्यावर त्याचं घर चालतं. हे अंतर पूर्वी कुठे असायचं आणि आज कुठे आहे, हे पाहायचं असेल तर मावळ आणि लोणावळा यांच्यासारखा मुलूख नाही. कारण हा मुलूखच मुळी वाटेवरचा आहे.

कोकणातून देशावर येणारी ही वाट दोन हजार वर्षं तरी वाहते आहे. कार्ल्याच्या लेण्यातला शिलालेख सांगतो, की ते भव्य चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीनं पुरं केलं. श्रेष्ठी म्हणजे मोठा व्यापारी, आपल्या ‘शेठ’ या शब्दाचा पूर्वज. त्याच लेण्याच्या दात्यांमध्ये धेनुकाकट गावचा एक गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा, आहे आणि एक सुतारही आहे. डोंगरातल्या या दगडी मंडपाला व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी पैसा दिला, कारण त्यांचा माल याच डोंगरातून जात होता.

या वाटेवरचा सर्वांत जुना आणि सर्वांत गरजेचा माल म्हणजे मीठ. मावळात भात पिकतो, पण मीठ पिकत नाही. ते खालून, खाडीकाठच्या आगरांतून यायचं. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून वंजाऱ्यांचे तांडे घाट चढायचे आणि परतताना धान्य न्यायचे. मिठागरावर मीठ मातीमोल असलं तरी घाटमाथ्यावर ते तसं राहत नसे. बैलाचा चारा, वाटेतली जकात, पावसात विरघळलेली गोणी, हे सगळं त्याच्या किमतीत मिसळत असे. आजचा व्यापारी ज्याला ‘माल दुकानात पडला कितीला’ असं म्हणतो, तो हिशेब तेव्हाही होताच.

हा हिशेब राज्यकर्त्यांनाही कळत होता. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठासंबंधी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडत होतं, त्यामुळे व्यापारी तिकडे वळत होते आणि संगमेश्वरच्या बाजूचं मीठ पडून राहत होतं. महाराजांनी सांगितलं, की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे जकात धरून ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल. या पत्राला आपण स्वदेशी मालाचं संरक्षण म्हणतो आणि ते खरंच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. मालाचा भाव म्हणजे केवळ उगमाजवळचा भाव नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत त्यावर जे जे चढतं त्याची बेरीज, ही जाण त्यामागे आहे.

आता या मुलखातल्या पेठेतलं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. गावातली बरीचशी देवघेव बलुत्यावर चालायची. लोहार, सुतार, कुंभार यांना सुगीत धान्य मिळायचं. दुकानाकडे यायचं ते मीठ, तेल, गूळ, तंबाखू, कापड एवढ्यासाठी. घेणाऱ्याकडे रोकड असेलच असं नाही, तो पदरात भात बांधून आणायचा. मग माप काढायचं ते पायली, शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं. चार शेरांची पायली, दोन मापट्यांचा शेर, दोन चिपट्यांचं मापटं, असं ते निम्म्यानिम्म्यानं उतरत जाई. मापी शेर वेगळा आणि वजनी शेर वेगळा. शिवाय एका पेठेची पायली दुसऱ्या पेठेच्या पायलीशी जुळेलच याची खात्री नसे.

अशा व्यवहारात दुकानदाराचा नफा भावात दिसत नसे, तो मापात असे. समजा, त्यानं रुपयाला बारा शेरांच्या धारणेनं तांदूळ घेतला आणि रुपयाला अकरा शेरांनी विकला. मधला एक शेर त्याचा. शेकड्यात मांडलं तर खर्चावर नऊ टक्क्यांच्या आसपास. आता हाच माणूस घेताना माप शिगोशीग भरून घेई आणि देताना काठोकाठ सपाट करून देई, तर आणखी काही मुठी शिल्लक राहत. ही लबाडी होती काय? काही ठिकाणी निश्चितच होती. पण पुष्कळ ठिकाणी तो सर्वांना ठाऊक असलेला रिवाज होता. उंदरांनी खाल्लेलं, पावसानं कुजलेलं, सांडलेलं, दोन माणसांनी दिवसभर बसून मोजलेलं, या सगळ्याचं मोल कुणी वेगळं मागत नसे. ते मापाच्या शिगेत दडलेलं असे.

लबाडीवर नजर ठेवायलाही माणसं होती. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाच्या कामांत बाजारावरची देखरेख, वजनमापांची तपासणी आणि जिनसांच्या निरखावर लक्ष ठेवणं हे असे. निरख म्हणजे बाजारभाव. पेठ वसवायची तर शेटे-महाजन नेमले जात, त्यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या ठरवून दिल्या जात. भाव हा निव्वळ दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातला खासगी मामला आहे, असं आपल्याकडे कधीच मानलं गेलं नाही.

मग रस्ता आला आणि त्यामागून आगगाडी आली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. बैलाच्या पाठीवरचा माल बैलगाडीत आला. १८५६ साली रेल्वे घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोचली आणि १८५८ साली वरती खंडाळा ते पुणे अशी गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र बाकी होता. त्यामुळे काही वर्षं खाली रेल्वे, वर रेल्वे आणि मध्ये बैलगाड्या, पालख्या, हमाल असा विचित्र प्रकार चालला. प्रत्येक चढउताराला हमाली आणि प्रत्येक हमालीला थोडी सांडलवंड. हजारो मजूर डोंगर फोडत होते. त्यांतले कित्येक अपघातांत आणि रोगराईत दगावले. शेवटी २१ एप्रिल १८६३ या दिवशी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटातली रेल्वे खुली झाली.

त्यानंतर मावळातल्या भावाचं स्वरूपच बदललं. तोपर्यंत डोंगराच्या एका बाजूला धान्य स्वस्त आणि दुसऱ्या बाजूला महाग, असं चालू शकत असे. आगगाडीनं ही दरी बुजवली. मुंबईचा भाव तळेगावला कळू लागला. १८७६-७७ च्या दुष्काळात याच घाटानं धान्याच्या वाघिणी वर चढवल्या. बाहेरचं धान्य आलं हे खरं, पण बाहेरचा भावही आला. गावच्या दुकानदाराला आता आपल्या पेठेपुरता विचार करून चालेना.

त्याच काळात दुकानदारीची दुसरी, कडवट बाजूही दिसली. गावातला दुकानदार पुष्कळदा सावकारही असे. रोखीचा भाव एक आणि खात्यावरचा भाव दुसरा, त्यावर पुन्हा व्याज. लिहिणारा तोच, वाचणारा तोच. हा राग १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी उफाळून आला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली ती प्रामुख्यानं दस्तऐवज आणि खतं जाळण्यासाठी. त्यातूनच पुढे १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा झाला. दडलेलं अंतर एका मर्यादेपलीकडे गेलं, की विश्वास मोडतो आणि तो मोडल्यावर दुकानही उरत नाही, हा या घटनेचा धडा आहे.

घाऊक बाजारातही दडपादडपी होतीच. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा असे, पण त्याला भाव दिसत नसे. त्यातून आडत, हमाली, तोलाई वजा होऊन हातात किती येईल हे शेवटी कळे. हे बंद व्हावं म्हणून मुंबई प्रांतात १९३९ साली आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ साली बाजार समित्यांचे कायदे झाले. उघड लिलाव, ठरलेली आडत, तपासलेला काटा, ही त्यातली मुख्य कलमं.

मग स्वातंत्र्यानंतरच्या दशकात दुकानाच्या फळीवर दोन भूकंप झाले. पहिला १ एप्रिल १९५७ रोजी. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात आणि पाव पैसा तर कुणाच्याच गल्ल्यात नाही. म्हणून एका आण्याला सहा पैसे धरायचे, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना बरोबर पंचवीस. पुडीपुडीनं विकणाऱ्या दुकानदाराला एवढ्याशा फरकाचाही विचार करावा लागे. दुसरा भूकंप मेट्रिक वजनांचा. १९५६ चा कायदा १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाला आणि १९६२ पर्यंत वजनांच्या बाबतीत देशभर सक्ती झाली. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्याच्या जागी हजार ग्रॅमचा किलो आला. शेरामागे एक रुपया असलेली वस्तू किलोमागे एक रुपया सात पैशांना विकली तरच मेळ बसतो. ज्यानं ‘किलो म्हणजे नवा शेर’ असं समजून जुनाच भाव ठेवला, त्याची मधली कमाई कळायच्या आत वाहून गेली असणार.

या सुधारणा हव्याच होत्या, यात शंका नाही. गिऱ्हाइकाच्या हातात प्रथमच खात्रीचं माप आलं. पण त्याबरोबर एक गोष्ट घडली, तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. शिगेचं माप गेलं, वाढावा गेला, म्हणजे दुकानदाराच्या श्रमांचं जे मोल मापात लपलेलं होतं ते लपायची जागाच गेली. आता ते उघडपणे भावात लिहायला हवं होतं.

ते लिहिण्याची वेळ येते न येते तोच दुसऱ्या कुणी तरी भाव लिहायला सुरुवात केली. १९७७ साली वेष्टनबंद वस्तूंचे नियम आले. पाकिटावर निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि किंमत छापणं आवश्यक झालं. तरीही ‘स्थानिक कर वेगळे’ अशी एक फट होती, आणि त्या फटीतून गिऱ्हाइकाला किती कर सांगायचा हे दुकानदार ठरवी. याच काळात महाराष्ट्रात ग्राहक चळवळ उभी राहिली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि १९९० साली सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं सक्तीचं झालं. आपण तिला सरळ ‘एमआरपी’ म्हणतो.

मुंबई ग्राहक पंचायतीनं यात एक फार चांगला प्रयोग केला. शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करायचे, सर्वांची महिन्याची मागणी एकत्र करायची, माल घाऊक घ्यायचा आणि आपापसांत वाटून घ्यायचा. माल स्वस्त मिळाला तो का, याचा विचार करण्यासारखा आहे. यादी करणं, माल उतरवून घेणं, वाटणं, पैसे गोळा करणं, ही दुकानदाराची कामं सभासदांनी स्वतः केली. म्हणजे घाऊक आणि किरकोळ यांतलं अंतर कुणी जादूनं नाहीसं केलं नाही, ते आपल्या हातांनी भरून काढलं. त्या अंतरात खरोखरचं काम असतं, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

आता लोणावळ्याकडे येऊ. इथलं चिक्कीचं दुकान हे या सगळ्या इतिहासाचं आजचं टोक आहे. रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना गूळ आणि शेंगदाण्याची गुडदाणी विकली जायची, त्यातून चिक्की जन्मली, असं लोणावळ्यात सांगतात. पुढे स्टेशनवर, गाडीत आणि मग रस्त्याच्या दुतर्फा तिची दुकानं झाली. किराणा दुकानदाराला एमआरपी छापून मिळते, चिक्कीवाल्याला ती स्वतः ठरवावी लागते, कारण बनवणारा तोच, खोक्यात भरणारा तोच आणि विकणाराही तोच. शिवाय तो दोन्हीकडे विकतो. स्वतःच्या गल्ल्यावर किरकोळ आणि खंडाळ्याच्या टपरीला, हॉटेलाला, पुण्यातल्या दुकानाला घाऊक.

इथे पुष्कळ होतकरू माणसं एका साध्या गणितात फसतात. आकडे समजण्यापुरते घेऊ. एक किलो चिक्कीला गूळ, दाणे, जळण, मजुरी, खोकं धरून दोनशे रुपये खर्च आला. मालकानं त्यावर पंचवीस टक्के चढवले आणि खोक्यावर अडीचशे छापले. उद्या टपरीवाला येतो आणि म्हणतो, ‘छापील किमतीवर मला वीस टक्के सोडा.’ मालकाला वाटतं, वीस दिले तरी पाच उरतात. पण अडीचशेचे वीस टक्के म्हणजे पन्नास. माल गेला दोनशेला. उरलं शून्य. खर्चावरचे पंचवीस टक्के आणि विक्रीवरचे वीस टक्के ही एकच रक्कम आहे, हे लक्षात आलं नाही म्हणून हे झालं.

योग्य वाट उलटी आहे. आधी घाऊक भाव ठरवा. खर्च दोनशे, त्यावर आपले पंधरा टक्के, म्हणजे दोनशे तीस. टपरीवाल्याला छापील किमतीचे वीस टक्के हवेत, तर दोनशे तीस हे छापील किमतीचे ऐंशी टक्के व्हायला हवेत. म्हणजे छापील किंमत सुमारे दोनशे नव्वद. आणि मग स्वतःच्या गल्ल्यावरही हाच भाव ठेवायचा. तिथे दोनशे साठला विकलं, तर ज्या टपरीवाल्याला आपण माल दिला त्याचंच गिऱ्हाईक आपण पळवलं. पुढच्या महिन्यात तो दुसऱ्याकडे जाईल.

मालकाला स्वतःच्या गल्ल्यावर जे जास्तीचे साठ रुपये मिळतात ते फुकटचे नाहीत. दुकानाचं भाडं, दिवाबत्ती, चाखायला दिलेले तुकडे, तुटलेल्या वड्या या साठांतूनच जातात. लोणावळ्याचा पाऊस तर चिक्कीचा वैरी. हवेतलं पाणी गुळाला सुटतं आणि कुरकुरीत वडी चिकट होते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी उभं राहायला जागा नसते, मंगळवारी माश्या मारायची वेळ येते, आणि भाडं मात्र सातही दिवसांचं असतं. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला, तेव्हा गावातून जाणारी पुष्कळशी वाहनं बाहेरून जाऊ लागली. हा धक्काही त्याच मधल्या अंतरानं सोसला.

सगळ्यात मोठा खर्च मात्र बहुतेक लहान दुकानदार लिहीतच नाहीत. तो म्हणजे घरच्या माणसांचे श्रम. पहाटे उठून दाणे भाजणारी आई, खोकी घड्या घालणारी सून, कॉलेज सुटल्यावर गल्ल्यावर बसणारा मुलगा. ‘घरचंच तर आहे’ म्हणून त्यांची मजुरी शून्य धरली जाते. भाव स्वस्त ठेवता येतो, शेजाऱ्याशी स्पर्धा करता येते, दुकान चालतंय असं वाटतं. मग मुलगा हिंजवडीला नोकरीला लागतो, त्याच्या जागी पगारी माणूस ठेवावा लागतो आणि पहिल्याच वर्षी कळतं, की दुकान कधी नफ्यात नव्हतंच. ते मुलाच्या न दिलेल्या पगारावर चाललं होतं.

हीच गोष्ट मावळच्या तांदळाची. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रानं तयार केलेला इंद्रायणी वाण १९८७ साली प्रसारित झाला आणि आज त्याच्या नावावर शहरात तांदूळ खपतो. रस्त्याच्या कडेला पाटी लावून तांदूळ विकणारं शेतकरी कुटुंब आता स्वतःच घाऊक आणि स्वतःच किरकोळ व्यापारी झालं आहे. त्यानं फक्त ‘गिरणीवाला काय देतो त्यापेक्षा चार रुपये जास्त’ असा भाव लावला, तर भरडाई, निवडणं, पिशवी, दिवसभर उन्हात बसलेला माणूस, हे सगळं पुन्हा बेहिशेबी राहील. जुन्या काळी ते निदान मापाच्या शिगेत तरी होतं.

म्हणून भाव ठरवणाऱ्यानं कागद घ्यावा आणि त्यावर पहिल्या ओळीत मालाची किंमत नव्हे, तर दुकानात राबणाऱ्या प्रत्येकाची मजुरी लिहावी, आपली स्वतःची धरून. मग माल, वाहतूक, भाडं, तूट, कर. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, छापील किमतीत तोही आत धरावा लागतो. ही बेरीज मांडून जो भाव येईल तो बाजारात टिकत नसेल, तर धंदा बदलायचा, खर्च कमी करायचा की माल जास्त चांगला करायचा, हे डोळे उघडे ठेवून ठरवता येईल.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही थोडा विचार करावा. खोट्या मापाविरुद्ध, छापील किमतीपेक्षा जास्त मागणाऱ्याविरुद्ध बोलण्याचा हक्क आपल्याला कायद्यानं दिला आहे, तो जरूर वापरावा. पण घाऊक भाव अमका असताना हा इतके का घेतो, असं विचारण्याआधी मधल्या अंतरात कोण उभं आहे ते पाहावं. पुष्कळदा तिथे लबाडी नसते. पहाटे चारला भट्टी पेटवणारं कुणी तरी असतं.